मुलाला मैदानाबाहेर बोलावण्याचा अधिकार कोणाचा?

मा. संपादक,
यांस,
स. न. वि. वि.

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम आता तोंडावर आला आहे. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांतील मुले-मुली पुढचे काही महिने सोलापूर शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या मैदानांवर उतरतील. सामन्यांचे वेळापत्रक ठरेल, पंच नेमले जातील, वयाचे दाखले तपासले जातील. मात्र खेळताना एखादे मूल पडले, तर त्याला पुन्हा खेळू द्यायचे की नाही हे कोणी ठरवायचे, या प्रश्नाचे उत्तर मी पाहिलेल्या बहुतेक मैदानांवर कोणाकडेच नव्हते. हंगाम सुरू होण्याआधी या प्रश्नाकडे आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून शाळा, पालक आणि क्रीडा अधिकारी यांचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी सोलापुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. दुखावलेले गुडघे, घोटे, खांदे आणि पाठ घेऊन येणारी शाळकरी मुले मी दर हंगामात पाहते, आणि त्यांपैकी फारच थोडी वेळेवर आलेली असतात. बाकीच्यांनी दुखणे आठवडेच्या आठवडे अंगावर काढलेले असते. मुलांनी कमी खेळावे असे मला अजिबात म्हणायचे नाही. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे भारतीय महिला क्रिकेट संघात पोहोचली, वेळापूरचा रामजी कश्यप २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताकडून खेळला, सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी २०२४ च्या १९ वर्षांखालील क्रिकेट विश्वचषकात खेळला, आणि त्यांच्याकडे पाहून शेकडो मुले पहाटे उठून मैदानावर जाऊ लागली, याचा आनंद मलाही आहे. ही मुले पंधराव्या-सोळाव्या वर्षी दुखापतीमुळे खेळ सोडतात तेव्हा मात्र मन खट्टू होते, कारण त्यातल्या बऱ्याच दुखापती टाळता आल्या असत्या किंवा निदान वेळीच थांबवता आल्या असत्या.

वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक पट्टा असतो. डॉक्टर त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात आणि हाड लांब होते ते तिथूनच. मुलींमध्ये साधारण १३ ते १५ आणि मुलग्यांमध्ये १५ ते १७ या वयात हा पट्टा हाडात मिसळून जातो. तोवर तो सांध्याभोवतीच्या लिगामेंटपेक्षाही, म्हणजे हाडाला हाड जोडणाऱ्या पट्ट्यांपेक्षाही, कमजोर असतो, त्यामुळे ज्या पडण्याने पस्तिशीतल्या माणसाचा घोटा नुसता मुरगळेल, त्याच पडण्याने बारा वर्षांच्या मुलाच्या ग्रोथ प्लेटमधून अस्थिभंग होऊ शकतो. मुलांच्या अस्थिभंगांपैकी साधारण १५ ते ३० टक्के या पट्ट्याशी संबंधित असतात. त्यातले काही पहिल्या एक्स-रेमध्ये दिसतही नाहीत. अशा वेळी बोटाने दाबून नेमके हाड दुखते आहे की त्याच्या बाजूचा मऊ भाग, हे काळजीपूर्वक पाहावे लागते. दुर्लक्ष झाले तर पुढे हाड वाकडे वाढण्याची किंवा एक पाय आखूड राहण्याची शक्यता असते. म्हणून ‘लचक भरली आहे, थोडं पळ, सुटेल’ हे आपल्या मैदानांवर सर्रास ऐकू येणारे वाक्य मोठ्यांच्या बाबतीत कदाचित खपून जाईल, पण वाढत्या मुलाच्या बाबतीत ते धोक्याचे आहे.

माझ्याकडे आलेली खो-खोची एक खेळाडू या संदर्भात सांगण्यासारखी आहे. वय तेरा. पाटीवर उकिडवे बसायचे आणि खो मिळताच उसळून धावायचे, हा सराव ती रोज दोन-दोन तास करत होती. उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दोन बोटांवर हाडाचा उंचवटा आला होता आणि त्यावर अंगठा टेकवताच तिने पाय झटकन मागे ओढला. जिना उतरताना दुखायचे, देवळात गुडघे टेकताना दुखायचे, शाळेच्या बाकावरून उठतानाही दुखायचे. मैदानावर त्या गुडघ्यावर स्प्रे मारून तिला सामन्यामागून सामने खेळवले जात होते, तर घरी रात्री त्याच जागी कोमट तेलाने जोरजोरात चोळले जात होते. या दुखण्याला ऑस्गुड-श्लॅटर म्हणतात. अमेरिकेतले ऑस्गुड आणि स्वित्झर्लंडमधले श्लॅटर या दोन डॉक्टरांनी १९०३ मध्ये स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले. मुलांची उंची झपाट्याने वाढत असताना हाडे ज्या वेगाने लांब होतात त्या वेगाने स्नायू लांबत नाहीत, आणि मांडीचा मोठा स्नायू नडगीच्या हाडाला जिथे जोडलेला असतो तिथली कोवळी कूर्चा प्रत्येक उडीला आणि प्रत्येक उठाबशीला ओढली जाते. वाढ पूर्ण झाली की हे दुखणे बहुधा थांबते. तोवर उड्यांचा आणि उकिडव्या बैठकीचा भार कमी करणे, सरावानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावणे आणि मांडीच्या स्नायूंना ताण देणारे व्यायाम रोज करणे, एवढे बहुतेकांना पुरते. या मुलीनेही काही आठवडे पाटीवर बसणे बंद ठेवले, त्या काळात ती सायकल चालवत राहिली, आणि त्यानंतर ती पुन्हा खेळू लागली. दुखणे सुरू झाले त्याच आठवड्यात कोणी तिला थांबवले असते, तर तिचे हाल टळले असते.

टाचेचे सेव्हर नावाचे दुखणे याच जातीचे आहे. साधारण ८ ते १४ वर्षांच्या, कडक जमिनीवर अनवाणी किंवा पातळ तळव्याच्या बुटांनी धावणाऱ्या मुलांमध्ये ते नेहमी आढळते आणि विश्रांतीने बरे होते. एक गोष्ट मात्र पालकांनी जरूर लक्षात ठेवावी. मूल गुडघा दुखतो म्हणत असले तरी मूळ दुखणे कधी कधी खुब्यात असते. विशेषतः वजन जास्त असलेल्या दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांमध्ये मांडीच्या हाडाचा खुब्यातला गोळा ग्रोथ प्लेटवरून सरकतो, आणि दुखते मात्र गुडघ्यात. लंगडणाऱ्या मुलाचा खुबा तपासल्याशिवाय कोणी गुडघ्याचे औषध देऊ नये. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, सोबत ताप, किंवा पायावर भारच न देता येणे यांपैकी काहीही असेल, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे.

कोपराविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण त्यात हलगर्जी झाली तर मुलाचा हात कायमचा जातो. पाच ते आठ वर्षांचे मूल पळताना किंवा झाडावरून पडते, तळहात पुढे टेकतो, आणि कोपराच्या किंचित वर दंडाचे हाड मोडते. मुलांच्या कोपराच्या अस्थिभंगांमध्ये हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे आणि त्या जागी हाताची मुख्य रक्तवाहिनी व नसा हाडाला अगदी लगटून जातात. आपल्या भागात अजूनही अशा मुलाला आधी हाड बसवणाऱ्याकडे नेले जाते. तिथे हात ओढून, लेप लावून, बांबूच्या कांब्या घट्ट बांधल्या जातात. आत सूज वाढत जाते आणि बाहेरची बांधणी सैल होत नाही. दाब वाढून रक्तपुरवठा तुटला की काही तासांत हाताचे स्नायू मरू लागतात. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी १८८१ मध्ये वर्णन केलेली ही विकृती मी प्रत्यक्ष पाहिली आहे. मनगट खाली वाकवले की मुलाची बोटे उघडतात आणि मनगट सरळ केले की ती पुन्हा आत वळतात. त्या हाताने त्याला पेन नीट धरता येत नाही आणि शर्टाचे बटणही लावता येत नाही. हाड बसवणाऱ्यांचा व्यवसाय बुडावा असा माझा हेतू नाही, परंतु कोपर सुजलेल्या मुलाला एक्स-रेआधी कोणीही ओढू नये, चोळू नये आणि घट्ट बांधू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बांधल्यावर किंवा प्लास्टर घातल्यावर दुखणे वाढतच गेले, बोटे गार किंवा निळसर पडली, बधिर झाली, किंवा कोणी ती हळूच सरळ केली तरी मूल किंचाळले, तर उद्यावर न ढकलता रात्रीसुद्धा रुग्णालय गाठावे.

एकाच खेळाचा बारमाही सराव हे दुखापतींचे दुसरे मोठे कारण आहे. उन्हाळी शिबिर संपते न संपते तोच अकादमीचे वर्ग सुरू होतात, पाठोपाठ शाळेचा संघ, आणि रविवारी टेनिस बॉलच्या स्पर्धा. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे की मुलांना आठवड्यातून एक-दोन दिवस आणि वर्षातून टप्प्याटप्प्याने मिळून तीन महिने त्या खेळापासून सुट्टी असावी. मुलाचे वय जितके, त्याहून अधिक तास आठवड्याला एकाच खेळात जाऊ नयेत, असेही तज्ज्ञ सांगतात. बारा वर्षांच्या मुलाला आठवड्याला बारा तास हे परिमाण आपल्या अकादम्यांनी लावून पाहावे. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने तेरा वर्षांखालील वेगवान गोलंदाजाला एका टप्प्यात ५ आणि दिवसात १० षटकांची मर्यादा घातली, ती कमरेच्या मणक्यांत होणाऱ्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळेच. चेंडू टाकताना पाठ एकाच वेळी मागे वाकते आणि वळते. मणक्याचा एक बारीक भाग रोजच्या या ओढाताणीने आतून तडकतो आणि मुलाला फक्त ‘कंबर भरून येते’ एवढेच जाणवते. नेटमध्ये टाकलेले चेंडूही या हिशेबात धरायचे असतात, आणि आपल्याकडे ते कोणी मोजत नाही.

मुलींच्या गुडघ्याविषयी वेगळे सांगायला हवे. अचानक दिशा बदलताना किंवा उडीवरून उतरताना गुडघा आत झुकला, की आतला एसीएल हा लिगामेंट तुटतो. ‘टप’ असा आवाज येतो आणि काही तासांत गुडघा फुगतो. सारख्याच खेळात ही दुखापत मुलग्यांपेक्षा मुलींना किमान दुप्पट प्रमाणात होते. खो-खो आणि कबड्डी या आपल्या दोन्ही लाडक्या खेळांत दिशा बदलणे हाच खेळाचा प्राण असल्यामुळे इथे धोका जास्त आहे. तो कमी करता येतो, ही समाधानाची बाब आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील अभ्यासात १३ ते १७ वर्षांच्या सुमारे १,९०० फुटबॉलपटू मुली होत्या. त्यांच्यापैकी ज्या संघांनी सरावाआधी वीस मिनिटे ठरावीक व्यायाम केले, म्हणजे तोल सांभाळणे, गुडघा पायाच्या रेषेत ठेवून उडीवरून उतरणे, मांडीच्या मागच्या स्नायूंना बळकटी देणे, त्या संघांत गंभीर दुखापती निम्म्याच्या जवळपास कमी झाल्या. या व्यायामांना कोणतेही साहित्य लागत नाही. मैदानाला दोन फेऱ्या मारून ‘वॉर्म-अप झाला’ म्हणण्याची सवय आपण सोडली पाहिजे. मुलीची पाळी लागोपाठ काही महिने चुकत असेल आणि नडगी दुखत असेल, तर ती सरावाच्या मानाने कमी खात आहे असे समजून तातडीने तपासणी करावी. हा विषय घरात संकोचाने दडवू नये.

तालमीतल्या वस्तादांनाही एक विनंती. वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडणे, जाड कपडे घालून उन्हात पळणे हे प्रकार लहान पैलवानांकडून करवून घेऊ नयेत. १९९७ मध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन पैलवान असेच वजन उतरवताना सुमारे महिनाभरात एकामागून एक दगावले, आणि त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीचे वजनाचे नियम बदलण्यात आले. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे असताना हा धोका किती वाढत असेल, हे वेगळे सांगायला नको.

आता डोक्याच्या माराविषयी. रक्त आले नाही की आपण त्याला मुका मार म्हणतो आणि पाणी पाजून मुलाला उठवतो. डोक्याला किंवा मानेला हिसका बसून मेंदू हादरला, तर शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही. गोंधळल्यासारखे वागणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, चक्कर, उजेड सहन न होणे, मळमळ यांतले एखादे लक्षणही पुरेसे असते. अशा मुलाला दुसरा मार बसला तर मेंदूला जिवावर बेतणारी सूज येऊ शकते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात २००६ मध्ये झॅकरी लिस्टेड हा तेरा वर्षांचा मुलगा डोक्याला मार लागल्यावरही सामन्यात परतला, सामना संपताच कोसळला, आणि त्याचे पुढचे आयुष्य अपंगत्वाशी झगडण्यात गेले. त्याच्या नावाने २००९ मध्ये तिथे कायदा झाला. डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी मुलाला लगेच बाहेर काढायचे आणि वैद्यकीय तज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचे नाही, असे तो सांगतो. २०१४ पर्यंत अमेरिकेतील सर्व पन्नास राज्यांनी या धर्तीवर कायदे केले. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्येही २०१९ पासून डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेता येतो, आणि खेळाडूची तपासणी करून निदान करणे हे तिथे संघाच्या वैद्यकीय प्रतिनिधीचे काम आहे.

नेमका हाच मुद्दा मला आपल्या जिल्ह्यापुढे ठेवायचा आहे. आज मुलाला थांबवायचे की नाही हे ठरवणारी माणसे म्हणजे क्रीडाशिक्षक, पालक आणि स्वतः ते मूल. या तिघांचेही मुलावर प्रेम असते, पण त्या क्षणी तिघांचेही मन निकालात गुंतलेले असते. शिक्षकावर शाळेच्या अपेक्षांचे ओझे असते आणि अनेक ठिकाणी तो एकटा माणूस तीन-तीन संघ सांभाळत असतो. दहावी-बारावीला मिळणारे क्रीडा सवलतीचे गुण आणि शासकीय नोकरीतले पाच टक्के आरक्षण पालकांना डोळ्यांपुढे दिसत असते, आणि साध्या घरातल्या पालकांनी तो विचार करणे अगदी स्वाभाविक आहे. मूल तर संघातली जागा जाईल या भीतीने दुखत असले तरी दुखत नाही म्हणते. म्हणून हा निर्णय अशा व्यक्तीच्या हाती असावा, जिचा सामन्याच्या निकालाशी काही संबंध नाही.

तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या प्रत्येक स्पर्धेच्या मैदानावर खेळणाऱ्या कोणत्याही शाळेची नसलेली, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेली एक व्यक्ती असावी, आणि तिने बाहेर बोलावलेले मूल त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरणार नाही, हे स्पर्धेच्या नियमांत लिहिलेले असावे. पंचाला जसा फाऊल देण्याचा अधिकार असतो तसा तिला हा अधिकार असावा, आणि त्यावर वाद घालण्याची मुभा कोणालाही नसावी. असे मनुष्यबळ सोलापुरात नाही असे कोणी म्हणू नये. आपल्याकडे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे दर वर्षी आंतरवासिता करणारे तरुण डॉक्टर असतात, परिचारिका आहेत, माझ्यासारखे फिजिओथेरपिस्ट आहेत. साहित्यही फार लागत नाही. बर्फाची पेटी, क्रेप बँडेज, हात-पाय स्थिर ठेवायला फळ्या, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कुठल्या फाटकातून आत येईल याची आधीच केलेली पाहणी, आणि दुधाची एक पिशवी. दुधाची पिशवी एवढ्यासाठी की चेंडू लागून पक्का दात मुळासकट निघाला, तर मुळाला हात न लावता तो दुधात ठेवून अर्ध्या-पाऊण तासात दंतवैद्याकडे पोहोचला तर पुन्हा बसू शकतो. आपल्याकडे असा दात बहुधा मातीतच राहतो.

अशाने मुले नाजूक होतील, आमच्या वेळी असले लाड नव्हते, असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. तो घेणाऱ्या ज्येष्ठ खेळाडूंविषयी मला आदर आहे. त्यांनी आपल्याबरोबर खेळणारे आणि विशीच्या आत गुडघा किंवा खांदा घेऊन घरी बसलेले सवंगडी आठवावेत, एवढेच मी त्यांना विनवीन.

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाने या हंगामाच्या नियोजन बैठकीत हा विषय घ्यावा आणि शाळांच्या प्रवेशिकेला एक पान जोडावे. त्यात मुलाच्या जुन्या दुखापती, पालकांचा फोन क्रमांक, आणि मैदानावरील प्रशिक्षित व्यक्तीने मुलाला थांबवल्यास आमची हरकत राहणार नाही, अशी पालक व शाळा या दोघांची सही असावी. या पानाचा मसुदा तयार करून द्यायला आणि क्रीडाशिक्षकांसाठी अर्ध्या दिवसाचे विनामूल्य प्रशिक्षण घ्यायला मी तयार आहे. शहरातील अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांनी प्रत्येकी एक रविवार दिला, तरी जिल्हा पातळीवरचे सामने या हंगामातच या व्यवस्थेखाली घेता येतील.

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट, सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)